पोटात घातलेलं

बाप सांगायचा, चिमणी उंच बांधली की झालं.
धूर वरच्या वर जातो, वाऱ्याचा होतो,
मग तो आपला राहत नाही.
तो बॉयलरवर होता, एकोणीस वर्षं.
आठवडाभर फिश्टेल डोंगराच्या पायथ्याशी
तपकिरी कोळसा पेटवायचा
आणि रविवारी त्याच डोंगरात मला न्यायचा
ब्लूबेरी वेचायला.

स्प्रूस आधी शेंड्याकडून विरळ झाले.
मग पिवळे.
मग एका वर्षी आम्ही वाट चुकलो,
कारण जिच्या खुणेनं वळायचं
ती सावलीच नव्हती.
बापानं टोपी काढली, नुसता उभा राहिला,
कुणाच्या तरी घरी
दिवस झाल्यावर पोचल्यासारखा.

पुढे बॉयलरच्या मागे मनोरा आला
आणि मला चाळणीवर नोकरी लागली.
रसायनशास्त्रात मी काठावर पास.
इंजिनिअर वोल्फ्रामनं पहिल्या दिवशी
तळहातावर एक गोळी ठेवली,
काळी, पेरापेक्षा लहान, वजनाला काहीच नाही.
म्हणाला, आत सगळी भोकंच आहेत.
चिमूटभर घे आणि आतली जमीन उलगड,
तुमचा बटाट्याचा मळा झाकून जाईल.
मी हसले. आमचा मळा त्यानं पाहिला नव्हता.

मनोऱ्यात गोळ्या वरून खाली येतात
इतक्या सावकाश, की नखं वाढावीत तशा.
धूर त्यांच्यातून आडवा जातो.
गंधक वाटेत अडकतो, वाफेला भेटतो
आणि त्या भोकांच्या अंधारात
आम्ल होऊन बसून राहतो.
मग चारशे अंशांवर तापवलं की गोळी सगळं ओकते.
दाट वायू नळीनं पलीकडे,
त्याचं पुन्हा आम्ल, त्याचा टँकर, टँकरची पावती.
गोळी रिकामी होऊन परत वर.

पण पदरमोड होतेच.
जाताना आम्ल दर खेपेला तिचा थोडा कोळसा
सोबत घेऊन जातं.
झिजल्या, फुटल्या की माझ्या चाळणीतून पडतात.
तो भुगा मी गाड्यात भरायचे
आणि गाडा जायचा बॉयलरकडे.
तिथे बाप.
आम्ही एकमेकांना नुसती मान हलवायचो.

फेब्रुवारीत एका रात्री पंखा बंद पडला.
मनोऱ्यातली हवा थबकली
आणि एकशे वीसवरचा काटा
कुणी न हलवता एकशे साठला गेला.
कोळसाच आहे तो शेवटी! वोल्फ्राम ओरडला,
नायट्रोजन सोडा!
गेरलिंडेनं झडप फिरवली. आम्ही पहाटेपर्यंत
काट्यासमोर बसून राहिलो.
भिंतीला कुणी हात लावला नाही.

निवृत्त झाल्यावर बापाची छाती
जिना चढताना शिटी वाजवू लागली.
एकदा म्हणाला, मला एक आणून दे.
भरलेली. तापवायच्या आधीची.
मी डबीत घालून आणली.
मी बशी पुढे करेपर्यंत
त्यानं ती जिभेवर ठेवली होती.

आंबट, म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
मग, ओळखीची आहे.

म्हणतात, कोळसा उगाळावा तितका काळाच.
खरं आहे, मी तो वीस वर्षं चाळला.
पण आतून पोखरला, पोकळ केला, तर
तो दुसऱ्याचं पोटात घालतो,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
फुकट घालत नाही, हेही.
बापानं कधी कुणाची माफी मागितली नाही.
वनखात्यानं वर बीच लावले तेव्हा मात्र
रोपं वाहायला गेला, न बोलावता,
दर दहा पावलांवर थांबत.

ती गोळी त्यानं बशीत काढून ठेवली होती.
बशी आईच्या हातची, पोर्सेलिनच्या कारखान्यातली,
कडेला निळी बारीक रेघ.
मध्ये एक करडं वर्तुळ पडलंय.
मी राखेनं घासलं, व्हिनेगरनं घासलं.
पाव त्याच बशीत खाते.